उभं राहून बोललेलं

भालेराव वकिलांनी माझ्या गावाला फसवलं. शिरूरच्या वादसभेचे ते संस्थापक. आमचं गायरान त्यांनी गावाच्याच हात वर करण्यातून काढून घेतलं आणि त्यासाठी माझी जीभ वापरली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं चैत्राचं, वाऱ्याचं, मेंढरांचं बरंच काही येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस जुन्या आठवणींत रमला आहे. मी रमलेलो नाही. मी रागात आहे, आणि हा राग दर चैत्रात पालवीसारखा नवा फुटतो.

यंदाही फुटला. घोडनदी आटून मधोमध हिरवट डबकी उरली आहेत. वाळूत कलिंगडांच्या वाड्या लागल्या आहेत. करडई निघालेल्या रानांत काट्यांचे बुडखे तेवढे उभे आहेत. दुपार कलली की माळावर वावटळ उठते, वाटेवरचा फुफाटा गोळा करते आणि काही तरी शोधत असल्यासारखी बांधाबांधानं फिरते. बाभळींच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या आहेत. लहानपणी तो आवाज आला की आम्ही काठ्या घेऊन धावायचो. शेंगा झोडपायच्या, मेंढरांपुढं टाकायच्या. आता तो आवाज कानावर आला की मी दुकानाचं दार लोटून घेतो.

चैत्रातली भर दुपारची मेंढरं ज्यानं पाहिली नसतील त्याला सांगायला हवं. ऊन असह्य झालं की ती चरायची थांबतात, एकमेकांना भिडतात आणि प्रत्येक मेंढरू आपलं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली घालतं. दुरून पाहिलं तर डोकंच नसलेलं एक मोठं जनावर माळावर उभं आहे असं वाटतं. कुणी शेजारी येऊन उभा राहिला तरी त्यांना कळत नाही. त्या वर्षी वादसभा आमच्या गावात आली तेव्हा माझं गाव मला तसं दिसायला हवं होतं. मी त्या गर्दीसमोर उभा होतो आणि मला समोर फक्त ऐकणारी माणसं दिसत होती.

मी धनगराचा. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर जन्मलो, मेंढरांमागं वाढलो, पण काठी फार काळ हातात ठेवली नाही. शिरूरच्या आणि दौंडच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायला लागलो. कुणी शिकवली नाही, कुणी भांडवल दिलं नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि तोंडानं मात्र जनावराच्या दातांचं, लोकरीचं, पाठीच्या हाडाचं बोलत राहायचं. आजूबाजूच्या दहा माणसांना सगळं ऐकू येतं आणि कुणालाच काही कळत नाही. मी त्यात पटाईत होतो.

भालेराव वकिलांनी मला तिथंच हेरलं. शिरूरचा बाजार होता. पांढरं धोतर, काळा कोट, एवढ्या उन्हातही गळ्याशी बटण लावलेलं. किती तरी वेळ ते माझ्या मागं उभे होते.

"आत्ता तुम्ही विकणाऱ्याकडून बोलत होता," ते म्हणाले, "आणि लगेच घेणाऱ्याकडून. दोन्ही वेळा मला पटलं. हे कसं जमतं?"

"साहेब, दोघांचं समाधान झाल्याबिगर माझी दलाली सुटत न्हाई. जमवावंच लागतं."

ते मोठ्यानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. धनगराच्या खांद्यावर वकिलानं बाजारात हात ठेवावा, असे ते दिवस नव्हते. सगळ्या बाजारानं पाहिलं. मला ते आवडलं. का आवडू नये?

वादसभा तेव्हा नवी होती. शाळेच्या ओसरीवर सतरंजी, टेबलावर पितळी घंटी, समोर वीसपंचवीस माणसं. स्वराज्य आलं, आता सामान्य माणसाला बोलता आलं पाहिजे, कचेरीत गप्प उभं राहायचे दिवस संपले, असं वकील सांगायचे. ते खरंच होतं. मी अजूनही ते खोटं म्हणणार नाही. सभेचा नियम सोपा होता. एक विषय, दोन बाजू. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरे. जी बाजू हातात येईल ती आपली मानून बोलायचं, मग मनात काहीही असो. "ज्याला दुसऱ्याची बाजू मांडता येते त्यालाच स्वतःची कळते," असं वकील म्हणत. सावकार सावकारीविरुद्ध बोलला. दारूचा परवाना असलेला माणूस दारूबंदीच्या बाजूनं असा बोलला की त्याची बायको रडायला लागली. शेवटी लोकांनी हात वर करायचे, कोण चांगलं बोललं ते ठरवायला. मग गूळ-शेंगदाणे आणि घरी.

बघता बघता सभा पसरली. पाबळला शाखा निघाली, केडगावला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत निघाली, वरवंडला मारुतीच्या पारावर. दौंडला रेल्वेतली माणसं पाळी सुटली की तेलकट कपड्यांनीच येऊन बसायची. तिथं मला रसूलभाई भेटला. इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. त्याचं घराणं दौंडात इतकं जुनं की कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "रेल्वे आमच्याकडं पावनी म्हनून आली." चिठ्ठीनं आम्ही नेहमी समोरासमोर यायचो. मी त्याला हरवलं की तो घंटी वाजवणाऱ्याला म्हणायचा, "या दलालाचं त्वांड तपासा, आत दोन जिभा हायेत."

"आन् तुझ्या तोंडात वाफ हाय नुसती," मी म्हणायचो.

अशी ती चारपाच वर्षं. मी जिथं जाईन तिथं लोक खुर्ची पुढं करायचे. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नव्हतं, आणि हेडमास्तर मला विचारायचे की भाषणाची सुरुवात कशी करावी. वकील मला आपल्याबरोबर गावोगाव न्यायचे.

अशाच एका प्रवासात, दौंडहून केडगावला जाताना, मी त्यांना आमच्या वाड्याची रीत सांगितली. त्यांनीच विचारलं होतं, तुमच्या बैठकीत निवाडा कसा होतो म्हणून. मी म्हणालो, आमच्यात भांडण असो, सोयरीक असो, सगळे बसून बोलतात. बसल्या जागी माणूस काहीही बोलू शकतो, शिव्या देऊ शकतो, उद्या फिरवू शकतो. पण बोलायला माणूस उभा राहिला की सगळे गप्प होतात. उभं राहून जे बोललं ते दिलं. मग ते मोडायचं नाही. म्हणून म्हातारी माणसं सहसा उभी राहतच नाहीत.

वकील डोळे मिटून ऐकत होते. गाडीच्या खिडकीतून धूळ येत होती. "आणि बाकीच्यांनी?" त्यांनी विचारलं. "ते कसं मान्य करतात?"

"हात वर करत्यात."

"वा," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत. मला वाटलं त्यांना झोप येते आहे.

आता रात्रंदिवस एवढाच विचार करतो की ते 'वा' कशासाठी होतं. बाजारात समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की मला लगेच कळतं, याच्या मनात आकडा ठरला. त्या दिवशी कळलं नाही, कारण बाजार नव्हता. आम्ही स्नेही होतो.

आमचं गायरान गावाच्या उगवतीला होतं. नदीपर्यंत उतरत जाणारा कुसळी गवताचा माळ, मधे बाभळी, एक पाणवठा. बाहेरच्याला ते ओसाडच दिसायचं. माझा थोरला भाऊ भिवादादा त्याच्यावर जगत होता. बाकीचे वाडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाच्या तोंडावर परतत. दादाच्या गुडघ्यानं साथ सोडल्यापासून त्याचा कळप मात्र बारमाही गावात असे. उन्हाळ्यात त्याला गायरान सोडून दुसरा आसरा नव्हता. वहिनी दुपारची भाकरी तिकडंच न्यायची. दादा मला म्हणायचा, "तू बाजारात आकडे दाब, मी हितं शेंगा झोडतो. दोगांचं चाललंय." मी कधी बाजारातून भेळ नेली तर बाभळीखाली बसून आम्ही खायचो, कुसळं धोतराला चिकटायची, आणि दादा मेंढरांना नावं घेऊन हाका मारायचा. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तिथं काही बोलावंसं वाटत नसे.

त्या चैत्रात वकिलांनी सभा आमच्या गावात घ्यायची ठरवली. मी अभिमानानं फुगलो. विषय होता, 'गायरान बागायती सोसायटीला द्यावे की नाही'. नदीवर इंजिन बसवायचं, माळ भिजवायचा, ऊस-द्राक्षं लावायची, असं कुठंकुठं बोललं जात होतं. मला वाटलं, विषय ताजा आहे, लोक जमतील.

दोन गोष्टी त्या दिवशी वेगळ्या होत्या. पहिली, पुढच्या रांगेत हातांची एक खुर्ची होती आणि तीत, गायरानांचे हुकूम ज्यांच्या सहीनं निघतात ते, प्रांतसाहेब बसले होते. पाहुणे म्हणून, वकील म्हणाले. दुसरी, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा वकील हळूच म्हणाले, "'द्यावं' ही बाजू अवघड आहे. ती तुमच्याशिवाय कुणाला पेलणार? रसूलभाई विरुद्ध बोलतील." रसूलभाई दौंडचा. त्याला आमच्या गायरानात काय आहे हे माहीतही नव्हतं.

तिसरी गोष्ट वेगळी नव्हती, ती चैत्रात दरवर्षीचीच. गावातले निम्मे गडी मेंढरांमागं कोकणात होते. ज्यांची मेंढरं त्या माळावर पावसाळा काढत, त्यातला एकही समोर नव्हता. फक्त दादा होता, सगळ्यांत मागं, घोंगडी पांघरून, काठीवर हनुवटी ठेवून.

उन्हं उतरत होती. माळाकडून एक वावटळ आली, सतरंजीचं टोक उलटलं, प्रांतसाहेबांनी डोळ्यांवर रुमाल धरला. बायकांनी पदर तोंडावर घेतले. कुणी तरी म्हणालं, "भुतं बी आयकाया आली." सगळे हसले. मग घंटी वाजली आणि मी उभा राहिलो.

मी काय बोललो ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, पण मी ते इथं लिहिणार नाही. चांगलं बोललो एवढं पुरे. कुसळांवर हसवलं, पाण्यावर डोलवलं, पोरांच्या शाळेवर गप्प केलं. रसूलभाई उठला, घाम पुसला, म्हणाला, "मला ह्या गावच्या गवताचं काय म्हाइती? पर ज्याचं गवत हाय त्याला इचारा की." तेवढंच बोलला आणि बसला. लोक त्याला हसले. सबंध सभेत तेवढं एकच खरं वाक्य होतं, आणि ते बोलणारा हरला.

वकिलांनी विचारलं, "पहिले वक्ते ज्यांना पटले त्यांनी हात वर करावेत." हातच हात. बायकांचेसुद्धा. आपल्या गावचा माणूस झकास बोलला, तर हात वर करायचा नाही तर काय! प्रांतसाहेब मान हलवत वकिलांना म्हणाले, आणि मी जवळ असल्यानं मला ऐकू आलं, "लोकांची हरकत दिसत नाही."

मी मागं पाहिलं. दादाचा हात खाली होता. तो उठला, घोंगडी झटकली आणि माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं शाबासकी देतो.

"तू हुबा ऱ्हाऊन बोल्लास," तो म्हणाला.

"दादा, आरं ही वादसभा हाय. बाजू दिली ती बोललो. मनातलं न्हाई."

"मनातलं मला काय दिसतंय? हुबा हुतास ते दिसलं."

पुढं गायरान सोसायटीला दिल्याचा हुकूम निघाला आणि आखणी झाली. माळावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या. मेंढरं त्या रेघांवरून चालली तेव्हा त्यांचे खूर पांढरे झाले आणि ती तशीच गावातून परतली, जणू कुणी त्यांना खूण करून ठेवली होती. मग तारेचं कुंपण. मग इंजिन. सोसायटीत आमच्या गावचं कोण होतं? ज्यांच्याकडं भाग घ्यायला पैसा होता ते. वकिलांचे मेहुणे होते. आणि रस्त्याकडेच्या कोपऱ्यात, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, वादसभेचं सभागृह उभं राहिलं. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, भिंतीवर सुंदर अक्षरांत 'बोला, निर्भय व्हा'. तालुक्यातली माणसं तिथं बोलायला शिकतात. ज्या बाभळीखाली आम्ही भेळ खायचो ती जोत्याच्या आड येत होती.

मी शिरूरला गेलो. वकील अशिलांत बसले होते. मी म्हणालो, "चिठ्ठ्या का टाकल्या न्हाईत?"

"बसा," ते म्हणाले.

"बसायला आलो न्हाई."

"अहो, तो वाद होता. तुम्ही उत्तम बोललात. प्रांतांनी त्यातून काय अर्थ घ्यावा, हे मी कसं ठरवणार?" आणि मग, अगदी शांतपणे, "शिवाय तुम्ही दलाल. दोन्ही बाजूंनी बोलणं हा तुमचा धंदाच आहे. कोण मानेल की तुम्हाला काही मिळालं नाही?"

टेबलावर घंटी होती. मी ती उचलून खिडकीबाहेर फेकली. ती खाली रस्त्यावर आपटून लांबपर्यंत वाजत गेली. अशील हसले. वकील हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला नवी घंटी आणायला सांगितली, माझ्यासमोरच.

दादानं मेंढरं विकायला काढली. दौंडच्या बाजारात. मी तिथंच होतो, नेहमीच्या जागी. कळप पाहिला आणि ओळखला, सगळ्यांना नावं होती. मी पुढं झालो, उपरणं काढलं, हात पुढं केला. गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं होतं, मी त्याच्याकडून चांगला भाव काढला असता. दादानं हात दिला नाही. हात घोंगडीतच ठेवला.

"दादा, भाव तरी नीट घे. माझ्यासाठी न्हाई, मेंढरांसाठी."

"दुसरा दलाल न्हाई का बाजारात?" त्यानं माझ्याकडं न पाहता वहिनीला विचारलं.

दुसरा होता. त्यानं दादाला बुडवलं. मी चार पावलांवर उभा राहून सगळं पाहत होतो. उपरण्याखाली काय चाललं आहे ते त्याच्या खांद्यावरून मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही. बाजारात दुसऱ्याच्या सौद्यात बोलायचं नसतं, आणि माझ्या बोलण्याला तिथं आता काय किंमत होती? तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. गावात माझ्या मागं म्हणतात, यानं माळ विकला. बसल्या जागी म्हणतात, म्हणजे उद्या फिरवता येईल असं. पण कुणी फिरवत नाही.

वादसभा वाढते आहे. आता त्यांची जीपगाडी आहे, कर्णा आहे. शाळांत स्पर्धा आहेत, ढाली आहेत. दलालीच्या जोडीला मी गावात छोटं दुकान टाकलं आहे, परवा रसूलभाई तिथं आला. केस पिकले आहेत, खोकतो. बाकावर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "वरवंडच्या बाजूला एका गावात सभा हाय. पुढच्या आठवड्यात. इषय, जनावरांचा बाजारतळ हलवावा का. मला 'हलवावा' म्हनून बोलायचं सांगितलंय."

"चिठ्ठी निघाली?"

त्यानं कपातला उरलेला घोट घेतला. बाहेर वारा सुटला होता आणि कौलांवर धूळ पडल्याचा बारीक आवाज येत होता.

"चिठ्ठ्या न्हाईत टाकल्या," तो म्हणाला. "म्हनले, तुमच्याबिगर कुनाला जमंल? पावने बी येनारायत. खुर्ची मागवलीय."

"आन् बाजाराची मानसं?"

"मेंढरांवालं कोकणात. बैलवालं जत्रंला." त्यानं कप खाली ठेवला. "मी बसून बोलू का रं?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या बाजारतळावर किती घरं पोट भरतात ते मला माहीत आहे. त्या घरांतल्या कुणाला अजून हे ठाऊकही नाही. पुढच्या आठवड्यात गावात उरलेली माणसं हौसेनं जमतील, रसूलभाईच्या विनोदांना हसतील, आणि हात वर करतील.

"जाऊ नगंस," मी म्हणालो.

"मी न्हाई गेलो तर दुसरा कुनी जाईल. तुझ्यायेवढं बोलनारा ल्येका कुनी बी नसंल, पर जाईल."

म्हणून हे लिहितो आहे, आणि नाव घेऊन लिहितो आहे. भालेराव वकील, तुम्ही माणसांना बोलायला शिकवलंत, हे मला मान्य आहे. मलाही शिकवलंत. आता मी विचारतो ते ऐका. त्या दिवशी चिठ्ठ्या का टाकल्या नाहीत? ज्यांचा माळ, ते गावात नसताना सभा का ठेवली? आमच्या वाड्याची रीत मी तुम्हाला स्नेही समजून सांगितली होती, ती तुम्ही कुणाला आणि कोणत्या भावानं विकली? वरवंडकडच्या त्या गावात तुमची खुर्ची मांडली जाण्याआधी याचं उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर मी तिथं येईन आणि माणसांसमोर हेच विचारीन, घंटी कितीही वाजवा.

मला काही सांगू नका. मी दलाल आहे, मी तुमच्या बोलण्यातून दोन्ही बाजू काढीन. भिवादादाला सांगा. तो घरीच असतो. दुसरीकडं जायला त्याला आता जागा राहिलेली नाही.